गेम चालू असताना पीसी झटक्यात बंद : प्रकल्प नोंदी

५ जुलै, शनिवार

धाकट्याचा पीसी शेवटी माझ्या टेबलावर आला. महिनाभर चाललंय याचं, गेम चालू असताना मधेच बंद, आणि दर वेळी मी फोनवरून 'धूळ साफ कर', 'ड्रायव्हर नवा टाक' असले फुकटचे सल्ले देऊन मोकळा होत होतो. आता म्हटलं नीट बसून बघू आणि बघताना लिहून पण ठेवू, नाहीतर तिसऱ्या दिवशी आपणच काय काय बदललंय ते आठवत नाही.

मशीन असं: ८ कोरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई ड्राइव्ह, एक जुनी साटा ड्राइव्ह, ३२० वॅटचं ग्राफिक कार्ड जे दोन महिन्यांपूर्वी वापरलेलं घेतलं, आणि ६५० वॅटचा गोल्ड रेटिंगवाला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जो मागच्या मशीनमधून तसाच उचलून आणलाय, सात वर्षांचा आहे. आधीचं कार्ड १६० वॅटचं होतं आणि त्याच्यावर एकदाही असं झालेलं नाही. नवीन कार्ड आल्यावर पहिला महिना ठीक गेला म्हणतो, पण तेव्हा त्याची परीक्षा चालू होती, खेळलाच नव्हता फारसा, त्यामुळे 'महिनाभर ठीक होतं' याला मी काही किंमत देत नाही.

आज प्रत्यक्ष बघितलं. पाऊण तास त्याच्या शेजारी बसलो, तो आरामात खेळतोय, मग त्याने नकाशा उघडला, लांबच्या गावावर क्लिक केलं, लोडिंगची पट्टी अर्ध्यावर आली आणि टक. अगदी बारीक आवाज, एसएमपीएसच्या बाजूने. पंखे, लाइट, सगळं एकाच क्षणी गेलं. मॉनिटर मात्र चालूच, 'नो सिग्नल' दाखवत बसला, म्हणजे घरची वीज गेलेली नाही, कारण दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर आहेत. मी वेळ लिहून घेईपर्यंत धाकट्याने पीसी परत चालू पण केला.

त्याचं निदान तयारच आहे: "दादा, कार्ड तापतंय, दुसरं काही नाही." बघू.

६ जुलै, रविवार

आधी विंडोज काय म्हणतंय ते बघितलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घडामोडींची नोंदवही) सिस्टीम लॉग उघडला तर कर्नल-पॉवर ४१ ची रांग लागलीय, महिन्याभरात १९ वेळा. प्रत्येकाच्या सोबत ६००८, म्हणजे 'मागचं शटडाउन अनपेक्षित होतं'. हे ४१ बघून लोक घाबरतात आणि त्याच्यावरच उपाय शोधत बसतात, पण ते कारण नाहीच, ते विंडोज पुढच्या वेळी उठल्यावर लिहितं की काल मी नीट झोपलो नव्हतो बुवा. कोणी का पाडलं ते त्यालाही माहीत नसतं.

कामाची गोष्ट डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथे बगचेक कोड (ब्लू स्क्रीनचा, म्हणजे विंडोज कोसळल्याच्या निळ्या पडद्याचा आकडा) ० आहे, सगळ्या १९ नोंदींत. ब्लू स्क्रीन येऊन मेला असता तर तिथे बहुतेक वेळा काहीतरी आकडा दिसला असता आणि मिनीडंप फोल्डरमध्ये क्रॅशच्या माहितीची फाइल पडली असती. फोल्डर रिकामं. व्हीया-लॉगरची (विंडोजमधला हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा भाग) एकही हार्डवेअर एरर नाही. तरी 'सिस्टीम फेल्युअर झाल्यावर आपोआप रिस्टार्ट' हा टिक काढून ठेवला, म्हणजे ब्लू स्क्रीन असेलच तर थांबून दिसेल.

म्हणजे विंडोज पडलेलं नाही, विंडोजच्या पायाखालची सतरंजी कोणीतरी ओढलीय. संशयित तीन: उष्णता, वीज, किंवा पॉवर बटणाची वायर कुठेतरी शॉर्ट. शेवटचं लगेच तपासून टाकलं, मदरबोर्डवरून फ्रंट पॅनलची पॉवर आणि रीसेट दोन्ही वायर काढल्या, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना टेकवून पीसी चालू केला आणि धाकट्याला म्हटलं खेळ. ३५ मिनिटांत बंद. बटण निर्दोष. वायरी परत लावल्या.

८ जुलै, मंगळवार

उष्णता. एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वॅट वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला, अर्ध्या सेकंदाला एक रीडिंग, सगळं सीएसव्ही फाइलच्या तक्त्यात. बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या ओळी: प्रोसेसर ७६ अंश, कार्ड ७२, हॉटस्पॉट (कार्डाच्या चिपवरची सगळ्यात गरम जागा) ८६. हे काही मरायचे आकडे नाहीत. आणि प्रोसेसर असो नाहीतर कार्ड, तापलं की आधी क्लॉक खाली आणतं, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतात, गेम अडखळायला लागतो, आणि तरीही तापमान चढतच राहिलं तर मग शेवटी बंद. इथे अडखळणं वगैरे काहीच नाही, १२० एफपीएसवरून थेट अंधार.

तरी उघडलाच आहे तर साफ केला. समोरच्या जाळीवर धुळीचं अक्षरशः फेल्ट तयार झालं होतं, सोलून काढलं तर एका तुकड्यात आलं. कूलर काढून थर्मल पेस्ट नवीन लावली. कार्ड काढून परत बसवलं, रॅमच्या काड्या काढून बसवल्या, २४ पिनी आणि प्रोसेसरची ८ पिनी केबल काढून घट्ट बसवली. हे सगळं एकाच बैठकीत केलं, आणि करताना कळत होतं की चूक करतोय, कारण आता चाललं तर नक्की कशामुळे चाललं ते कळणार नाही. पण हात थांबत नाहीत हो, कॅबिनेट उघडं असलं की.

रात्री अडीच तास सलग चालला. धाकटा विजयी मुद्रेने, "बघ, मी म्हणालो होतो ना."

९ जुलै, बुधवार

संध्याकाळी बारा मिनिटांत बंद. ६१ अंशावर.

उष्णता खोडली.

१२ जुलै, शनिवार

काल रात्री मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून झोपलो, चार पास, शून्य एरर. रॅमवर माझा संशय फारसा नव्हताच, खराब रॅम ब्लू स्क्रीन देते, गेम क्रॅश करते, असं दिवा विझल्यासारखं करत नाही. पण रात्र फुकट जाणारच होती.

आज सकाळपासून नुसता लोड देतोय. प्लगला वॅट मीटर लावलाय. सिनेबेंच (प्रोसेसरवर लोड देणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास, प्रोसेसर पॅकेज १४२ वॅट, काही नाही. फरमार्क (तेच, कार्डासाठी) अर्धा तास, कार्ड ३२० वॅटवर घट्ट, काही नाही. मग दोन्ही एकदम, हात मागच्या स्विचवर ठेवून, कारण मला खात्री होती की आता जाणार. मीटर ५८० दाखवतोय. एसएमपीएसची एफिशियन्सी ९० टक्क्यांच्या आसपास धरली तर आत सव्वापाचशे वॅट जातायत, रेटिंग ६५० चं. पंचवीस मिनिटं. काही नाही. मागून गरम हवा येतेय, आवाज वाढलाय, पण उभा आहे पठ्ठ्या.

मग गेम लावला. मीटर ४३० च्या आसपास घुटमळतोय, मधेच ३८०, मधेच ४५०. एकविसाव्या मिनिटाला टक.

मी तिथेच बसून राहिलो थोडा वेळ. ५८० वॅटवर पंचवीस मिनिटं उभा राहणारा ४३० वर पडतो कसा? दीडशे वॅट कमी घेताना? हे एकदा कागदावर लिहून बघितलं आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी चुकीचा आकडा बघतोय. मीटर सेकंदाला एकदा बदलतो. एचडब्ल्यूइन्फो अर्ध्या सेकंदाला. दोघंही सरासरी सांगतायत, आणि मारणारा जो कोणी आहे तो सरासरीत दिसतच नाही.

१३ जुलै, रविवार

आज उलगडलं बरंचसं, आणि ज्याने उलगडलं ते माहीत असून मला आठ दिवस कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

धाकटा घरी नव्हता, मीच खेळत बसलो, टेस्टिंगच्या नावाखाली. बंद पडला. पॉवर बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं, धरून ठेवलं, काही नाही. मदरबोर्डवरचा छोटा स्टँडबाय दिवा पेटलेला, पण पंख्याची हालचाल सुद्धा नाही. पोटात गोळा आला, म्हटलं मेला आता खरंच, आणि माझ्या हातात मेला. त्याला फोन लावला.

"अरे चालूच होत नाहीये."

"मागचं बटण बंद केलंस का?"

"कुठलं मागचं?"

"एसएमपीएसचं रे दादा. ते बंद करायचं, दहा सेकंद थांबायचं, मग चालू करायचं. नेहमीच करावं लागतं."

नेहमीच करावं लागतं! पहिल्या दिवशी मी वेळ लिहीत होतो तेव्हा याने मागे हात घालून हेच केलं होतं, आणि नंतरही दर वेळी तोच जवळ बसलेला. बारा जुलैला तर माझा स्वतःचा हात त्या स्विचवर होता, मी न बघताच खालीवर केला असणार.

हे एक वाक्य सगळ्या सीएसव्ही फायलींपेक्षा भारी आहे. एसएमपीएसमध्ये प्रोटेक्शन सर्किट असतात, जास्त करंट, जास्त पॉवर, व्होल्टेज कमी पडणं, शॉर्ट, उष्णता. यातलं एखादं लागलं की एसएमपीएस स्वतःहून बंद होतो आणि लॅच होतो, म्हणजे कुलूप लावून बसतो, मेन वीज तोडून परत दिल्याशिवाय पॉवर बटणाचं ऐकत नाही. विंडोज, गेम, ड्रायव्हर, कोणीही असं लॅच करू शकत नाही. आणि उष्णतेचं प्रोटेक्शन असतं तर थंड होईपर्यंत परत चालू झालाच नसता, इथे दहा सेकंदात टुणकन उठतो. व्होल्टेज कमी पडणं उरतंच तसं, एसएमपीएस सात वर्षांचा आहे, पण मग ५८० वॅटच्या टेस्टमध्ये आधी पडला असता असं वाटतं. म्हणून माझा पैसा करंटवर.

आता कालचं कोडं पण सुटतं. आधुनिक ग्राफिक कार्डाची ३२० वॅट ही मर्यादा सरासरीची असते, कार्ड स्वतःला त्या सरासरीत बसवतं, पण मिलिसेकंदाच्या आत बघितलं तर ते उड्या मारत असतं, दुपटीपर्यंत सुद्धा जातं. हे इतकं नेहमीचं झालं की इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे एसएमपीएसचं मानक काढलं तेव्हा त्यात लिहूनच टाकलं की ४५० वॅटच्या वरच्या, नव्या १६ पिनी कनेक्टरवाल्या एसएमपीएसने रेटिंगच्या २०० टक्के लोड १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. आपला एसएमपीएस त्याच्या कितीतरी आधीचा. फरमार्कमध्ये लोड मोठा पण सपाट असतो, कार्ड एका क्लॉकवर बसून दळत राहतं. गेममध्ये लोडिंग चालू असताना कार्ड रिकामं, ५०-६० वॅटवर, आणि दृश्य आलं की एका फ्रेममध्ये पूर्ण. माझ्या वहीत बघितलं, बंद पडण्याच्या ज्या वेळा मी स्वतः पाहिल्यात त्यातल्या बहुतेक लोडिंगच्या आसपासच्या आहेत.

१५ जुलै, मंगळवार

'खेळत बस आणि वाट बघ' ही टेस्ट नव्हे. कधी बारा मिनिटं, कधी अडीच तास, असल्या मोजपट्टीने काही बदलून बघितलं तरी फरक पडला की नशीब चांगलं होतं हे कळणार नाही. ८ तारखेला तेच झालं ना.

म्हणून आज नवीन मोजपट्टी. गेममध्ये फास्ट ट्रॅव्हल आहे, नकाशावर या टोकाकडून त्या टोकाला उडी. एफपीएसची मर्यादा काढली, ग्राफिक्स सगळं टोकाला नेलं, आणि दोन ठरलेल्या गावांमध्ये नुसत्या उड्या मारायच्या, पोचलं की पाच सेकंद कॅमेरा गोल फिरवायचा, परत उडी. कितव्या उडीला पडतो ते लिहायचं.

पहिला रन ७. दुसरा ११. तिसरा ४.

हे भारी झालं. जे पकडायला संध्याकाळ घालवावी लागत होती ते आता दहा मिनिटांत हातात येतंय. धाकट्याला कामाला लावलाय, तो उड्या मोजतो, मी चहूकडे नजर ठेवतो. त्याला हा प्रकार अजिबात आवडलेला नाही, गेममधलं त्याचं पात्र दमलं असेल म्हणे.

मग आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्के केली, म्हणजे २२४ वॅट. ४० उड्या, पडला नाही. परत १०० टक्के, ६ व्या उडीला गेला. मग पॉवर लिमिट १०० च पण एफपीएस ६० ला बांधले, ४० उड्या, पडला नाही. दिशा पक्की. इथे थांबता आलं असतं खरंतर, ७० टक्क्यांवर एफपीएस फार पडत पण नाहीत, कार्ड अंडरव्होल्ट केलं, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालवलं, की आणखी चांगलं. पण हे म्हणजे टायर पंक्चर म्हणून गाडी हळू चालवण्यासारखं आहे. मला पंक्चर बघायचंय.

१९ जुलै, शनिवार

आज कार्डाच्या केबलकडे नीट बघितलं आणि जरा लाज वाटली, कारण कॅबिनेट दोनदा उघडून झालंय. कार्डाला दोन ८ पिनी सॉकेट आहेत आणि धाकट्याने दोन्हींमध्ये एकाच केबलची दोन डोकी खुपसलीयत, एक केबल एसएमपीएसमधून निघते आणि टोकाशी तिला शेपटीसारखी दुसरी जोडणी असते, ती. दिसायला नीटनेटकं दिसतं. एका ८ पिनी कनेक्टरचं रेटिंग १५० वॅट, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ पर्यंत. ३२० मधले साधारण ६५ स्लॉटमधून जात असतील असं धरलं तर उरलेले २५५ वॅट एकाच केबलमधून, १२ व्होल्टला म्हणजे २१ अँपिअर.

दुसरी केबल एसएमपीएसच्या मूळ पिशवीत सापडली, सात वर्षांत न उघडलेली. एसएमपीएसवर पहिल्या केबलच्या शेजारच्याच सॉकेटमध्ये लावली, आता प्रत्येक कनेक्टरला स्वतंत्र केबल. मनात म्हटलं झालं काम.

९. ५. १२.

काहीच फरक नाही. तिन्ही रन जुन्याच पट्ट्यात. आता खरं सांगायचं तर इथे माझी हवा गेली, कारण केबलची थिअरी इतकी सुंदर बसत होती.

२० जुलै, रविवार

मित्राकडून त्याचा जास्तीचा एसएमपीएस आणला, ८५० वॅटचा, नवीन आहे. लावताना एक भलती चूक होता होता राहिली. कॅबिनेटच्या मागच्या बाजूने केबली इतक्या छान बांधलेल्या होत्या की म्हटलं त्या कशाला सोडवा, केबली तशाच ठेवू, फक्त डबा बदलू, दोन्ही मॉड्युलरच तर आहेत, म्हणजे केबली डब्यापासून सुट्या होतात. साटा केबल नवीन डब्याच्या सॉकेटजवळ नेली, आकार तोच, बसली पण असती बरोबर. मग थांबलो. मॉड्युलर केबलचं डिव्हाइसकडचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला कोणती पिन कशाची हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण वेगळं. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की ड्राइव्ह गेली, आणि धाकट्याचा सगळा डेटा एका जुन्या साटा ड्राइव्हवर आहे. मित्राला फोन करून त्याच्या केबलींची पिशवी मागवली. अर्धा दिवस गेला, जाऊ दे.

८५० वॅटवर: ६० उड्या. परत ६०. पडला नाही.

धाकटा लगेच नवीन एसएमपीएस बघायला लागला. मी पण जवळजवळ मान्य केलं होतं. सात वर्षांचा आहे, आतले कपॅसिटर म्हातारे झाले असणार, बदलून टाकू. पण एक गोष्ट टोचतेय, म्हातारा झालेला एसएमपीएस ५८० वॅटची टेस्ट इतक्या शांतपणे कशी काय देतो? ८५० चा चालला याचा अर्थ ८५० चा चालतो एवढाच. ६५० चा खराब आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

२३ जुलै, बुधवार

जुना एसएमपीएस टेबलावर उलटा करून त्याचं लेबल वाचलं. सात वर्षांत कोणी वाचलं नसेल. एकूण ६५० वॅट ते वर मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक तक्त्यात १२व्ही१, १२व्ही२, १२व्ही३, १२व्ही४. चार वेगळ्या १२ व्होल्टच्या रेल, म्हणजे वीज देणाऱ्या स्वतंत्र लाइन, प्रत्येकी २५ अँपिअर.

मल्टी रेल! हे डोक्यातच आलं नव्हतं. घरच्या वायरिंगचं उदाहरण घ्या, एक मोठा मेन स्विच आणि त्याच्या पुढे प्रत्येक खोलीचा वेगळा एमसीबी. घराला भरपूर वीज आहे, पण एका खोलीत इस्त्री, गीझर आणि हीटर लावला की त्या खोलीचा एमसीबी पडणार. इथे फरक इतकाच की एका खोलीचा पडला की हा सगळं घर बंद करून कुलूप लावतो. मित्राचा ८५० चा सिंगल रेल आहे, सगळं १२ व्होल्ट एकाच मोठ्या मर्यादेखाली, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

मग मॅन्युअल शोधलं. पीडीएफ मिळाली, त्यात शेवटून दुसऱ्या पानावर एक छोटं चित्र, कुठलं सॉकेट कुठल्या रेलवर. ग्राफिक कार्डासाठी चार सॉकेट आहेत, वर दोन, खाली दोन. वरचे दोन्ही १२व्ही३. खालचे दोन्ही १२व्ही४.

आणि मी १९ तारखेला दुसरी केबल कुठे लावली? शेजारी. वरच. म्हणजे केबली दोन झाल्या पण रेल तीच, एमसीबी तोच, फक्त वायर दुहेरी झाली.

आकडे आता फटाफट बसतात. सरासरी २१ अँपिअर, रेलला २५, म्हणून फरमार्क तासभर चालवला तरी काही नाही, काठावर पण आत. गेममध्ये करंट क्षणभर दुप्पट झाला की ४२, रेलची मर्यादा मोडली, टक. जुनं १६० वॅटचं कार्ड त्याच केबलवर जेमतेम ८-९ अँपिअर ओढत असणार, दुप्पट केलं तरी १८, म्हणून त्याने कधी तक्रार केली नाही. आणि दोन रेलवर वाटलं तर त्या दुपटीच्या क्षणी सुद्धा प्रत्येकीवर २१. प्रोटेक्शन नेमकं किती अँपिअरला आणि किती वेळाने पडतं ते लेबलवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे हे कागदावरचंच. करून बघायचं शनिवारी.

२६ जुलै, शनिवार

जुना ६५० चा त्याच्याच केबलींसकट परत बसवला. एक केबल वरच्या सॉकेटमध्ये, दुसरी खालच्या. बाकी काहीही बदललं नाही, पॉवर लिमिट १००, एफपीएस मोकळे, तीच दोन गावं.

पहिला रन ६० उड्या. नाही पडला. दुसरा ६०. नाही. तिसरा ६०, धाकट्याने शेवटच्या वीस उड्या डोळे मिटून मारल्या असं त्याचं म्हणणं आहे. नाही.

आता उलट. खालची केबल काढून परत वर शेजारी लावली. ८ व्या उडीला टक, आणि बटण मेलेलं. इतका आनंद मला पीसी बंद पडल्याचा आयुष्यात झाला नव्हता. परत खाली लावली, ६०, पडला नाही.

एसएमपीएसमध्ये काही बिघाड नव्हताच. तो सात वर्षं जे करायला बनवलाय तेच करत होता, आणि आम्ही त्याला बदलायला निघालो होतो.

२७ जुलै, रविवार

मित्राचा ८५० चा परत केला. त्याच्या केबली त्याच्या पिशवीत, मोजून, आणि आमच्या आमच्या पिशवीत. दोन्ही पिशव्या काळ्या, दोन्हींवर काही लिहिलेलं नव्हतं, आता आमच्यावर मार्करने लिहिलंय. आमच्या एसएमपीएसच्या सॉकेटशेजारी कागदी टेप लावून 'कार्ड १ वर, कार्ड २ खाली, शेजारी शेजारी नको' असं लिहिलं, कारण पुढच्या वेळी साफ करताना धाकटा केबल काढणार आणि जिथे सोयीचं पडेल तिथे खुपसणार हे मला माहिती आहे.

गेमच्या मेन्यूमध्ये एफपीएस मोकळे सोडले की कार्ड रिकाम्या पडद्यावर हजारभर फ्रेम काढत बसतं, म्हणून एफपीएस मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधून टाकले. याचा बंद पडण्याशी आता संबंध नाही, नुसता पंख्याचा आवाज कमी व्हावा म्हणून. रिस्टार्टचा टिक परत लावला.

१० ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे झाले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २६ जुलैनंतर कर्नल-पॉवर ४१ एकच, ३ ऑगस्टचं, बघून दचकलो. धाकट्याला विचारलं, तर म्हणे झाडताना एक्स्टेन्शनचा स्विच पायाने बंद झाला. मॉनिटर पण गेला होता का? हो, गेला होता. ठीक आहे मग.

पीसी उद्या त्याच्या खोलीत जाणार.